नवरदेवाचे कपडे

तुमच्या घरात कामावरचे कपडे कोण धुतं?

उत्तराची घाई करू नका. मशीन धुतं म्हणालात, तर मशीनमध्ये कोण टाकतं ते सांगा. टाकण्याआधी खिसे कोण तपासतं, कॉलर कोण घासतं, तेही सांगा. ज्या घराची ही हकीकत आहे तिथे उत्तर एकच होतं, आणि ते इतकं उघड होतं की तेवीस वर्षांत हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नाही. तो विचारला एका कोवळ्या डॉक्टरणीने, सरकारी दवाखान्यात, आणि तोवर उशीर होऊन गेला होता.

ती एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन त्या गल्लीत आली. गल्लीत बावीस घरं, एकमेकांना खेटलेली, पुढे दोन खोल्या आणि मागे चार पावलांचं फरशीचं अंगण. बावीसपैकी सतरा घरांतले पुरुष पत्र्यांच्या कारखान्यात. छपरावर घालतात ते राखाडी, नागमोडी सिमेंटचे पत्रे. नुसत्या सिमेंटचा पत्रा टिकत नाही, म्हणून त्यात धागा मिसळतात. तेव्हा ॲस्बेस्टॉसचा मिसळत. कारखान्यात त्याला कापूस म्हणत, कारण पोतं फाडलं की तो कापसासारखा फुगून वर यायचा. तिचा नवरा मिक्सरवर होता. पोती फाडायची, कापूस ओतायचा, सिमेंट ओतायचं, पुन्हा पोती फाडायची. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवयासुद्धा म्हाताऱ्या झालेल्या असायच्या.

तिची पद्धत ठरलेली. नवऱ्याने पुढच्या दाराने यायचं, कुठेही न टेकता मागच्या अंगणात जायचं, कपडे दोरीवर टाकायचे आणि न्हाणीत शिरायचं. मग ती यायची. आधी खिसे उलटे. मग शर्ट, कॉलरला धरून, हात डोक्यावर नेऊन असा झटकायचा की आवाज पुढच्या रस्त्यावर जावा. मग पँट. मग दोन्ही दोरीवर टाकून काठीने पाठ, गुडघे, शिवणी. यात हौस नव्हती. न झटकता कपडा पाण्यात घातला की शिवणीत बसलेलं सिमेंट धरायचं आणि सकाळी कॉलर पुठ्ठ्यासारखी कडक. गल्लीत नवी आलेली बाई ही चूक एकदाच करायची. नवऱ्याची मान सोलून निघाली की शहाणी व्हायची. तिला पहिल्याच आठवड्यात शेजारच्या म्हातारीने बजावलं होतं, "आधी धूळ, मग पाणी. एवढं लक्षात ठेव, संसार होईल."

तिने लक्षात ठेवलं.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मुलगी झाली. पुढे मूल राहिलं नाही. पोरगी सहा वर्षांची झाल्यावर आईने तिच्या हातात पँटीचे पाय दिले. दोघी मिळून झटकायच्या. एक, दोन, आणि तीनला आई असा जोर लावायची की पोरगी फरशीवरून उचलली जायची आणि खिदळत सुटायची. उतरत्या उन्हात धूळ चमकायची.

"तोंड मिटून हस," आई म्हणायची, "नाहीतर दातांवर पत्रा बसेल."

सकाळी नवरा कामावर जायचा तो कडक इस्त्रीच्या शर्टात, बाह्या सारख्या दुमडून, पँटीची घडी अशी की बोट कापेल. तेही मिक्सरवर, जिथे पाच मिनिटांत माणूस पिठात पडलेल्या उंदरासारखा दिसतो. गेटवरचा वॉचमन एकदा त्याला बघून म्हणाला, "या नवरदेव. नवरी कुठे ठेवलीत?" ते नाव चिकटलं ते कायमचं. मुकादम हाक मारायचा तीही नवरदेव, आणि हजेरी घेणारा कारकून खरं नाव वाचायचा तेव्हा चारजण मागे वळून बघायचे की हा कोण नवीन.

नवरा चिडायचा नाही. त्याला ते आवडायचं. तिला तर त्याहून जास्त. गल्लीत बाईची परीक्षा नवऱ्याच्या कॉलरवर व्हायची. कुणाच्या घरात काय शिजतं हे बाहेरच्यांना दिसत नाही, कॉलर दिसते. समोरच्या घरातली वेल्डरची बायको तोंडाची फटकळ. ती ओट्यावरून ओरडायची, "वहिनी, तुमचा नवरदेव कामाला जातो की कारखाना विकत घ्यायला?"

"तुमचा जातो तसाच जातो," ही आतून म्हणायची. "फक्त माझा अंघोळ करून जातो."

दिवसभर गल्ली हसायची. वेल्डरसुद्धा.

लग्नाच्या नवव्या वर्षी एक गोष्ट झाली, आणि ती नीट ऐका, कारण सगळं हिच्यावर अडलंय. नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात घडी केलेलं एक पत्रक निघालं. कामगार संघटनेचं होतं. त्या काळात संघटनेने शहरातून एक जाणता डॉक्टर आणून सभा घेतली होती, आणि त्याने कापूस छातीत जातो, बाहेर निघत नाही, वीस-तीस वर्षांनी माणूस मारतो, असं स्वच्छ सांगितलं होतं. पत्रकात तेच होतं, आणि खाली एक ओळ होती की धुळीचे कपडे घरी नेऊ नका, घरच्यांनाही धोका आहे. तिला वाचता येत होतं. सातवीपर्यंत शिकलेली होती, दुकानातून वाणसामान बांधून येणारा पेपरचा तुकडासुद्धा वाचल्याशिवाय चुलीत घालायची नाही. पण हा कागद नवऱ्याच्या खिशातला होता. कामाचा होता. तिने तो तळव्याने सरळ केला, धूळ फुंकली, आणि फळीवरच्या घड्याळाखाली ठेवला, त्याला दिसेल असा.

त्याला दिसला. त्याला वाटलं, हिने वाचला. आता ही काही बोलेल. ती बोलली नाही, कपडे झटकत राहिली. मग त्याला वाटलं, वाचूनही झटकते म्हणजे एवढं काही नसेल. माणसाला स्वतःच्या सोयीचं वाटून घ्यायला फार अक्कल लागत नाही. आठ दिवसांनी त्याने पत्रक घड्याळाखालून काढलं आणि कुठेतरी टाकलं.

आणखी दोन वर्षांनी कारखान्याने धुलाईघर सुरू केलं. संघटनेने भांडून मिळवलं होतं आणि गेटवर जंगी भाषणं झाली. भाषणं कुणासमोर? पुरुषांसमोर. ज्या बायांचे हात त्या धुळीत होते त्यांच्या गल्लीत एकही कार्यकर्ता फिरकला नाही. कारखान्याने गेटवर पाटी लावली. कामगारांच्या सोयीसाठी धुलाईची व्यवस्था करण्यात आली आहे, कपडे बाहेर नेऊ नयेत. सोयीसाठी. घरात बायका-पोरं मरतील, एवढे चार शब्द लिहायला त्यांच्याकडे रंग कमी पडला होता काय? ज्याने ती पाटी लिहायला सांगितली तो अडाणी नव्हता. त्याला 'सोय' आणि 'धोका' यांतला फरक आपल्यापेक्षा चांगला कळत होता.

मग झालं काय, पहिल्याच आठवड्यात धुलाईघरातून कपडे परत आले ते बटणं तुटलेले, चुरगळलेले आणि ज्याचे त्याला नाहीत असे. वेल्डरीण ओट्यावर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्यांना कुणाची तरी दुसऱ्याचीच पँट आली. आणि खरं सांगू का, दुसऱ्याची बरी बसते."

बायका पोट धरून हसल्या. हिला हसू आलं नाही. तिला तोंडात मारल्यासारखं झालं होतं. अकरा वर्षं मी धुतले, तेव्हा कुणाची गैरसोय झाली? माझं काय चुकलं, की आता परक्याच्या हौदात टाकायचे?

"अहो, माझे हात मोडलेत का?" तिने नवऱ्याला विचारलं.

"तसं नाही गं. नियम आहे."

"नियमाला सांगा, मी आहे अजून."

त्याने एकदा डोळे वर करून घड्याळाच्या फळीकडे बघितलं असेल, नसेल. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या डब्याच्या पिशवीत, डब्याच्या खाली, कपडे घरी यायला लागले. एकट्याचेच नाही, अर्ध्या गल्लीचे. वॉचमनला दिसायचं. तो पिशवीत हात घालायचा नाही. वर कारखान्याला मात्र कागद हवा होता. म्हणून धुलाईघराच्या खिडकीत दर शनिवारी एक वही यायची. माझे कपडे आठवडाभर इथेच धुतले गेले, खाली सही. नवरदेव इतरांच्या मागे उभा राहून सही करायचा आणि पिशवी उचलून घरी यायचा. या सहीचं तिला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्याला काही वाटलंच नाही.

असं बारा वर्षं.

मग कारखान्याने कापूस बंद करून दुसरा धागा आणला. पोरगी लग्न होऊन तीन रस्ते पलीकडे गेली, शिवणकाम करायला लागली, तिला दोन मुलं झाली. नवरदेव निवृत्त झाला. वर्षातून एकदा कारखान्याच्या दवाखान्यात जुन्या कामगारांची तपासणी असायची. शहरातून छातीचा मोठा डॉक्टर यायचा, चांगलं मशीन यायचं, फोटो निघायचा. नवरदेवाच्या फुफ्फुसावर थोडे डाग निघाले. जिना चढताना धाप लागायची. औषध चालू झालं, दर वर्षी त्याच्याकडे लक्ष होतं. ती त्याचा फोटो मोठ्या पाकिटात घालून कपाटावर ठेवायची, वाकू नये म्हणून.

सत्तावन्नाव्या वर्षी तिच्या डाव्या बाजूला दुखायला लागलं. आधी तिला वाटलं बादली उचलताना लचकलं. मग श्वास अर्ध्यावर थांबायला लागला. दोरीवर चादर टाकायला हात वर जाईना. महिनाभर तिने कुणाला सांगितलं नाही, पुढच्या महिन्यात पोरीने तिला पाठीत वाकून बसलेलं पाहिलं आणि हाताला धरून सरकारी दवाखान्यात नेलं.

छातीतून सुईने पाणी काढलं. बाटलीभर, गढूळ, तांबूस. पाणी गेल्यावर चार दिवस बरं वाटलं, पाचव्या दिवशी पुन्हा भरलं. तपासणीचे कागद आले तेव्हा डॉक्टरणीने खुर्ची ओढून तिच्या खाटेजवळ घेतली. डॉक्टरीण पोरीपेक्षाही लहान होती.

"मावशी, तुम्ही काम काय करायच्या?"

"काही नाही. घरीच."

डॉक्टरणीने लिहिलं. मग पेन थांबवून म्हणाली, "घरातले कुठे कामाला होते?"

"पत्र्याच्या कारखान्यात. मिक्सरवर."

"त्यांचे कपडे कोण धुवायचं?"

आणि ती बाई, त्या खाटेवर, नळी लावलेली, सरळ होऊन बसली. चेहऱ्यावर तेज आलं. "मीच की. त्यांना सगळा कारखाना नवरदेव म्हणायचा. विचारा कुणालाही. आधी झटकायचे, मग काठीने झोडायचे, मग..."

बोलता बोलता तिने डॉक्टरणीचा चेहरा पाहिला आणि गप्प झाली. मग डॉक्टरणीने सगळं सांगितलं, हळू, सोप्या शब्दांत, तिचा हात धरून. फुफ्फुसाच्या अस्तराचा कॅन्सर. त्या कापसाचाच. झटकताना हवेत उडायचा तो. मागे हटवता येत नाही.

तिने स्वतःच्या आयुष्याचं काही विचारलं नाही. तिने एकच विचारलं, "दुसरं टोक धरणाऱ्यालापण होतं का?"

पोरगी खाटेच्या पायाशी उभी होती.

डॉक्टरीण म्हणाली, होईलच असं नाही. पण छाती तपासत राहायला हवी, दर वर्षी, चांगल्या मशीनवर. आमच्याकडे तसं मशीन नाही. कारखान्याच्या तपासणीत घरच्या माणसांची नावंही घेतात असा करार झालेला आहे, मात्र कामगाराने लिहून द्यावं लागतं की कपडे घरी यायचे. यंदाची तपासणी दोन महिन्यांवर आहे.

त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. पोरीचं नाव त्या यादीत लागायला हवं, आणि ते मी असेपर्यंत लागायला हवं. मी गेल्यावर कोण सांगणार की ती तिथे होती?

घरी आल्यावर दुपारी तिने नवऱ्याला समोर बसवलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

तो नखं बघायला लागला. "तुलापण माहीत होतं."

"मला कुठून?"

"तो कागद. पत्रक. तू वाचून घड्याळाखाली ठेवलं होतंस."

"तुमच्या खिशातला कागद मी कशाला वाचू? सरळ केला आणि ठेवला."

तेव्हापासून एकोणतीस वर्षं दोघं एका घरात राहिले, एका ताटलीत जेवले, आणि दोघांच्या मध्ये तो एक कागद पडून होता. याला वाटायचं तिने वाचला, तिला वाटायचं त्याचा आहे.

"एक शब्द बोलायचा होता," ती म्हणाली. "अगं, आधी भिजव, एवढंच. शिवणी कडक झाल्या असत्या, होऊ दिल्या असत्या. तुमची मान सोलली असती, तेल लावलं असतं."



"आता लिहून द्या. पोरीसाठी."

"देतो," तो म्हणाला.

दिलं नाही. पहिल्या आठवड्यात कारखान्याचा बाबू रजेवर होता. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या गुडघेदुखीने डोकं वर काढलं. तिसऱ्या आठवड्यात पोरगीच कारखान्याच्या डॉक्टरांकडे गेली, आईला रिक्षात घालून, कारण आईने हट्टच धरला की मी स्वतः सांगते. कारखान्याचे डॉक्टर वयस्क, गोड बोलणारे. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी मागवलं, आणि कपाटातून वह्या काढायला लावल्या.

"काकू, तुमचं दुःख मी समजू शकतो. पण हे बघा. धुलाईघर सुरू झाल्यापासून तुमच्या मिस्टरांचे कपडे इथेच धुतले जायचे. दर शनिवारी सही आहे."

"सही कुणाची?"

"त्यांचीच."

तिने वही जवळ ओढली. पान उलटलं, अजून एक उलटलं. ती सही तिला ओळखीची होती. पोरीच्या लग्नाच्या कागदावर होती, घराच्या भाड्याच्या कागदावर होती. प्रत्येक शनिवारी, एकही चुकवला नव्हता.

"मग मी काय धुतलं?" तिने विचारलं. कुणाला ते कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, "त्याआधीची अकरा वर्षं राहतात, पण तेव्हाचा कागदच नाही. त्यांनी सह्या खोट्या होत्या असं लिहून दिलं तर बघता येईल. अर्थात, खोट्या सह्या करणाऱ्याचं स्वतःचं नाव यादीत ठेवायचं का, हा प्रश्न मग वरचे लोक विचारतील."

अशी असते बघा यांची गोड भाषा. धमकी दिली आणि वर पाणीही पाजलं.

रिक्षात ती पोरीच्या खांद्यावर डोकं टेकून होती. घरासमोर उतरताना वेल्डरीण पुढे आली, आता तीही म्हातारी, एका हाताने हिला सावरत आत घेऊन गेली. तिने नवरदेवाला दारातच गाठलं. "ऐका भाऊजी, आमच्या ह्यांनीपण सह्या केल्यात. सगळ्या गल्लीने केल्यात. ह्यांना वर जाऊन पाच वर्षं झाली, नाहीतर मीच त्यांचा कान धरून नेला असता. तुम्ही अजून आहात. जा की."

"माझं औषध बंद करतील," तो हळूच म्हणाला.

"मग?"

खरं सांगायचं तर त्याची भीती हा काही गुन्हा नव्हता. त्यालाही श्वास हवा होता. ज्याला धाप लागते त्यालाच कळतं की अर्धा श्वाससुद्धा सोडवत नाही. पण ती आत खाटेवर पडून सगळं ऐकत होती.

पुढचे तीन आठवडे तिने त्याच्याशी बोलणं टाकलं. भांडण नाही, आदळआपट नाही. चहा दिला तर घ्यायची. पाठ चोळली तर चोळू द्यायची. पण शब्द नाही. बोलायची ती पोरीशी, तेही तुटक, कारण एका वाक्याला आता तीन श्वास लागायचे. पोरीला तिने एक वही आणायला लावली आणि त्यात लिहून घेतलं. कोणत्या वर्षापासून, दिवसाला किती कपडे, कुठे झटकायचे, तू कुठे उभी असायचीस. पोरगी लिहायची. मध्येच म्हणायची, "आई, पुरे, झोप." आई मान हलवायची. "शिवणी लिही. शिवणीत जास्त असायचा."

शेवटच्या आठवड्यात ती झोपू शकत नव्हती. आडवं झालं की छाती भरून यायची, म्हणून उशांचा ढीग करून बसवायचे. हातांच्या काड्या झाल्या. पोरगी ओल्या फडक्याने ओठ पुसायची. एका सकाळी, खिडकीतून चांगलं ऊन आलेलं असताना, तिने नवऱ्याला बोटाने जवळ बोलावलं. तो खाली वाकला. तिने त्याच्या शर्टाची कॉलर चिमटीत धरली, आतून बाहेरून पाहिली, आणि सोडून दिली. अकराच्या सुमारास गेली. तपासणीला नऊ दिवस बाकी होते.

मृत्यूची नोंद करायला नवरदेव गेला. खिडकीतल्या कारकुनाने खाली मान घालून विचारलं, नाव, वय, कारण, व्यवसाय.

"घरी असायची," तो म्हणाला.

कारकुनाने त्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि कागद पुढे सरकवला. तो कागद घेऊन हा पायरीवर अर्धा तास बसून होता, असं शेजारच्या टपरीवाल्याने पाहिलं.

तपासणीच्या दिवशी कारखान्याच्या दवाखान्यासमोर नेहमीसारखी रांग. जुने कामगार, हातात पाकिटं, एकमेकांच्या खोकल्याची टिंगल करत. पोरगी गेटच्या बाहेर उभी होती. तिला वॉचमनने आत सोडलं नव्हतं, यादीत नाव नव्हतं. नवरदेव तिच्यासमोरून आत गेला होता, मान खाली घालून. शर्टाला इस्त्री नव्हती. रांगेत कुणीतरी म्हणालं, "काय नवरदेव," आणि पुढचं बोलणं गिळून टाकलं.

त्याचा नंबर आला. टेबलापलीकडे कारखान्याचे डॉक्टर, शेजारी शहरातला मोठा डॉक्टर.

"शर्ट काढा," बाबू म्हणाला.

"माझा फोटो राहू दे," हा म्हणाला. "गेटवर माझी पोरगी उभी आहे. तिचा काढा."

कारखान्याचे डॉक्टर समजावायला लागले. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, बारा वर्षांच्या सह्या खोट्या आहेत. मी केल्यात. कपडे माझी बायको धुवायची, घरी, आणि पोरगी दुसरं टोक धरायची. पेन द्या."

बाबूने पेन दिलं नाही. मागच्या रांगेतून कुणीतरी दिलं. त्याने स्वतःच्याच फॉर्मच्या पाठीमागे लिहिलं, वाकड्यातिकड्या अक्षरांत, मोठ्याने उच्चार करत, म्हणजे रांगेला ऐकू जावं. मग सही केली, नेहमीची. शहरातल्या डॉक्टरने ते वाचलं. तो बाबूला म्हणाला, "मुलीला आत घ्या. मी आलोय तर बघतो."

तिचा फोटो निघाला. डाव्या फुफ्फुसाच्या कडेला अस्तर जाड झालेलं आहे. कॅन्सर नाही. आज नाही. डॉक्टर म्हणाला, दर वर्षी बघत राहायचं, सोडायचं नाही. तिचं वय सदतीस.

पंधरा दिवसांनी कारखान्याचं पत्र आलं. मुलीच्या नावाचा विचार चालू आहे. आणि खोट्या नोंदी केल्याबद्दल निवृत्त कामगाराचं नाव तपासणीच्या यादीतून कमी करण्यात येत आहे. ते पत्र तो रोज वाचतो. धाप वाढली आहे. पुढच्या वर्षी पोरीला कुठल्या मशीनवर न्यायचं, ते अजून ठरलेलं नाही. कारखाना म्हणतो, पुरावा एकाच माणसाचा, तोही खोटं बोलल्याचं कबूल करणारा. गल्लीतल्या बाकीच्या बायांचा कागद कुठे आहे?

कागद नाही. कारण त्या सगळ्या जणी दवाखान्यात गेल्या तेव्हा त्यांना विचारलं गेलं, काम काय करता, आणि त्यांनी जे सांगितलं तेच लिहिलं गेलं. वेल्डरणीच्या केसपेपरवरही तेच आहे. तीही आता डावी बाजू धरून चालते.

म्हणून तुम्हाला एक काम सांगतो, लहानसंच आहे. तुम्ही घरात कुणाचे धुळीचे, रंगाचे, औषधाचे, बॅटरीचे, दगडाचे कपडे धुतले असतील, तर दवाखान्याच्या खिडकीत काम विचारल्यावर काही नाही म्हणू नका. कोणते कपडे धुतले, कुठल्या कारखान्याचे, किती वर्षं, ते सांगा. समोरचा म्हणेल, असा रकाना नाही. तिथेच उभ्या राहा. त्याने लिहीपर्यंत हलू नका, आणि लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायला लावा.